ताई, पार्सल थांबणार नाही

निफाड,
फाल्गुन शुद्ध पंचमी

प्रिय ताईस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "नाना, आता पार्सल नका पाठवत जाऊ. इथे सगळं मिळतं. आतल्या सामानापेक्षा कुरियरचं भाडंच जास्त होतं." तुझा हिशेब चुकीचा नाही. चटणी, मसाला, पापड, शेवया यांची निफाडच्या बाजारातली किंमत आणि रॉटरडॅमपर्यंतचं भाडं शेजारी शेजारी लिहून काढलं, तर व्यवहारी माणूस खोकं बांधायच्या भानगडीत पडणार नाही. मी जन्मभर शेतीचा हिशेब लिहीत आलो, तेव्हा आकडे मलाही दिसतात. तरीही पार्सल थांबवायचं नाही, असं मी आणि तुझ्या आईनं ठरवलं आहे. का, ते फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून हे पत्र.

आपल्या घरून तुझ्या गावाला दोन वाटा जातात. एक द्राक्षाच्या कंटेनरची आणि दुसरी तुझ्या आईच्या खोक्याची. पहिली वाट तू लहानपणी पाहिलीस, पण तेव्हा बागेत तुझं लक्ष पुस्तकात असायचं. आधी तीच सांगतो, म्हणजे दुसरीचं मोल लक्षात येईल.

सध्या खुडा जोरात आहे. पेठ-सुरगाण्याकडची टोळी उजाडायच्या आत बागेत उतरते, कारण ऊन चढायच्या आत माल सावलीत आला पाहिजे. घड देठाला धरूनच कापायचा. मण्याला बोट लागलं की त्याच्यावरची पांढुरकी झाक पुसली जाते आणि तिकडच्या गिऱ्हाईकाला तो माल शिळा वाटतो. पॅकहाऊसमध्ये बायका बोथट टोकाच्या कात्रीनं लहान, तडकलेला, डागाळलेला मणी एकेक करून काढतात. मण्याची जाडी मिलीमीटरच्या कडीतून पाहायची, गोडी ब्रिक्स मीटरवर पाहायची. अर्ध्या किलोचं एक पनेट, अशी दहा पनेट एका पेटीत. वर सल्फर डायऑक्साइड हळूहळू सोडणारा पॅड ठेवायचा, म्हणजे वाटेत बुरशी धरत नाही. मग पेट्या प्रीकूलिंगच्या खोलीत जातात आणि मण्याच्या पोटातली उष्णता काढून घेतली जाते. गाडी न्हाव्याशेव्याला निघते ती शून्य अंशाच्या आसपास थंड असलेला कंटेनर घेऊन. चाळीस फुटी कंटेनरात बारा-तेरा टन माल मावतो. तिथून पुढे समुद्र. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरपासून जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा प्रवास दहा-पंधरा दिवसांनी वाढला. त्या हंगामात इकडे प्रत्येक बागाईतदाराच्या तोंडी एकच प्रश्न होता, देठ हिरवा राहील का? मणी टिकतो गं, पण देठ वाळून तपकिरी झाला की दर पडतो.

हे झालं बागेबाहेरचं. बागेतली शिस्त त्याहून कडक आहे. युरोपला माल पाठवायचा तर बागेची नोंदणी करावी लागते. शेतमालाची निर्यात पाहणाऱ्या सरकारी अपेडानं २००६ साली ग्रेपनेट ही नोंदणीची व्यवस्था सुरू केली, तेव्हापासून प्रत्येक प्लॉटला क्रमांक आहे. कुठलं औषध कधी मारलं याची वही ठेवायची, खुड्याआधी प्रयोगशाळेची माणसं येऊन नमुना नेणार, उर्वरित अंश मर्यादेत असला तरच माल पुढे जाणार. २०१० साली काय झालं ते तुला आठवत असेल. वेलीची वाढ रोखायला सगळीकडे लिहोसिन वापरायचे. त्यातल्या क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश युरोपात मर्यादेपेक्षा जास्त निघाले आणि भारतीय द्राक्षांचे कंटेनर तिकडे अडकून पडले. तालुक्यात कित्येक घरांचं त्या वर्षाचं उत्पन्न गेलं. त्यानंतर तो घटक तपासणीच्या यादीत आला, सगळ्यांनी औषधांची पद्धत बदलली आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. म्हणून तुझ्या दुकानात फेब्रुवारी-मार्चमध्ये भारताचं नाव असलेलं पनेट दिसलं, तर ते नुसतं फळ समजू नकोस. निफाड-दिंडोरीच्या माणसांनी नुकसान सोसून शिकलेली शिस्त त्यात आहे.

आणि आता यातली खरी गंमत ऐक. टनांनी द्राक्ष तुझ्या बंदरात उतरवणारा तुझा बाप तुला बॅगेतून एक घड आणून देऊ शकत नाही. १४ डिसेंबर २०१९ पासून युरोपात बाहेरून येणाऱ्या जवळपास प्रत्येक ताज्या फळाला आणि भाजीला वनस्पती-आरोग्याचा दाखला लागतो, मग ते कंटेनरात असो की प्रवाशाच्या पिशवीत. सूट पाचच फळांना आहे: अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर. कंटेनरच्या कागदांत तो दाखला असतो. माझ्या पिशवीतल्या घडाला तो कोण देणार? तुझ्या आईला हा अन्याय वाटतो. मला वाटत नाही. फळातून कीड परक्या मुलखात गेली, तर तिथल्या शेतकऱ्याचं काय होतं हे आपल्यासारख्यांना कुणी वेगळं सांगायला नको. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे एक गोष्ट पक्की ठरली: तुझ्यापर्यंत जी द्राक्षं पोहोचतात ती कुणाच्याही ताटात जायला तयार केलेली असतात, आणि तुझ्या नावानं खुडलेला घड तुझ्यापर्यंत पोहोचू शकत नाही.

कधी कधी एखाद्या फळाला परदेशाचं दार उघडायला फार वर्षं लागतात. त्याचं उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. अमेरिकेनं १९८९ पासून भारतीय आंबा बंद केला होता. कोयीत लपून बसणारा भुंगा आणि फळमाशी तिकडे जाईल ही त्यांची भीती होती, आणि ती निराधार नव्हती, कारण कोयीतला भुंगा बाहेरून दिसतच नाही. इकडे लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्रानं २००२-०३ च्या सुमारास 'कृषक' हे विकिरण केंद्र उभारलं, ते मुळात कांद्यासाठी. साठवणीतल्या कांद्याला कोंब फुटू नयेत, हा त्यामागचा विचार. पुढे २००६ च्या मार्चमध्ये राष्ट्राध्यक्ष बुश दिल्लीत आले, तेव्हा आंब्याचा विषय मार्गी लागला. लासलगावच्या केंद्रात कोबाल्ट-६० च्या किरणांतून आंब्याच्या पेट्या फिरवायच्या, किमान ४०० ग्रे मात्रा द्यायची, म्हणजे कीड पुढे वाढू शकत नाही. फळाला हात लागत नाही, फळ किरणोत्सारीही होत नाही. अमेरिकेच्या कृषी खात्याचा निरीक्षक लासलगावात बसून पेट्या पाहणार, असं ठरलं. २००७ च्या एप्रिलमध्ये पहिल्या पेट्या विमानानं न्यूयॉर्कला उतरल्या. देवगड-रत्नागिरीचा हापूस, कांद्याच्या गावातून विकिरण होऊन, अठरा वर्षांनी अमेरिकेत! कोविडच्या दोन हंगामांत निरीक्षक येऊ शकले नाहीत, तेव्हा ही वाट पुन्हा बंद पडली आणि २०२२ साली पुन्हा सुरू झाली. न्यू जर्सीतला तुझा चुलतभाऊ दर उन्हाळ्यात आंब्याच्या पेटीचा फोटो पाठवतो. ती पेटी कुठल्या वाटेनं आली, हे त्याला मी आवर्जून सांगितलं आहे.

आता दुसरी वाट, तुझ्या आईची. तिच्या खोक्यात ताजं काहीच नसतं, आणि तिथेच तिची हुशारी आहे. दाखला लागणार नाही, वाटेत नासणार नाही, थंडीउन्हाला जुमानणार नाही, असंच ती निवडते. या निवडीमागचं ज्ञान ग्रेपनेटपेक्षा फार जुनं आहे. पाणी काढून टाकलं की पदार्थ टिकतो, हे आपल्या बायकांना शेकडो वर्षांपासून ठाऊक आहे. चैत्र-वैशाखाचं ऊन हेच त्यांचं यंत्र.

या खेपेला खोक्यात कुरडया आहेत, गेल्या वैशाखातल्या. तू आजीच्या हाताखाली बसून पाहिल्या आहेस, पण केल्या नाहीस, म्हणून लिहून ठेवतो. गहू तीन दिवस भिजत घालायचे आणि रोज पाणी बदलायचं. तिसऱ्या दिवशी घरभर आंबूस वास सुटतो, तो आला म्हणजे गहू तयार. मग वाटायचे, पाण्यात कालवून पिळायचे आणि गाळायचे. चोथ्याच्या भुसवड्या होतात, तो टाकायचा नाही. गाळलेलं दूध रात्रभर स्थिर ठेवलं की सकाळी वर निवळ पाणी आणि तळाशी घट्ट पांढरा चीक बसतो. वरचं पाणी अलगद ओतून टाकायचं. चिकाच्या मापानं पाणी घेऊन त्यात मीठ, हिंग घालून उकळायचं, आणि चीक त्यात धारेनं सोडत एकानं सारखं हलवायचं. या कामाला दोन बायका लागतातच. एकटीनं केलं की गुठळ्या होतात. चीक पांढऱ्याचा काचेसारखा पारदर्शक झाला की शिजला. गरम असतानाच सोऱ्यात भरायचा आणि उन्हात पसरलेल्या कागदावर वळणं घालायची. हात भाजतात, पण थांबता येत नाही, कारण गार झालेला चीक सोऱ्यातून उतरत नाही. दोन दिवसांच्या कडक उन्हात कुरडई खडखडीत वाळते आणि मग वर्ष काढते. यातला गहू आपल्याच वावरातला आहे. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा खाली गेल्याची बातमी दर हिवाळ्यात पेपरात येते, तेव्हा द्राक्षवाले आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, पण तीच थंडी गव्हाला मानवते.

कुरडईची अडचण अशी की तिच्यात वजन कमी आणि हवा जास्त. खासगी कुरियरवाले खोक्याचं नुसतं वजन धरत नाहीत. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, गुणाकाराला पाच हजारांनी भागायचं, आणि जे येईल ते किलो. चाळीस बाय तीस बाय तीसच्या खोक्याचे सात किलो दोनशे ग्रॅम होतात, आत दोनच किलो कुरडया असल्या तरी. काउंटरवरच्या पोरानं हे आईला समजावून सांगितलं, तेव्हा तिनं घरी येऊन सगळं पुन्हा लावलं. अख्ख्या कुरडया तळाशी एका थरात ठेवल्या. त्यांच्या पोकळीत नागलीच्या पापडांचे तुकडे, मुगवड्या आणि मसाल्याच्या पुड्या बसवल्या. उरलेल्या कुरडया हातानं चुरून वेगळ्या पिशवीत घट्ट भरल्या. तो चुरा बघून वाटेत मोडलं असं समजू नकोस. तो मुद्दाम केला आहे. गरम पाण्यात दहा मिनिटं भिजव, निथळ, भरपूर कांदा तेलात परतून त्यात लाल तिखट आणि चुरा घाल. पाच मिनिटांत भाजी. तुझ्या तिकडच्या थंडीत रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसासाठी याहून सोपं जेवण नाही.

काळा मसाला यंदा ताजा कुटला आहे. त्यात खोबरं आहे, पण भाजून, मसाल्यात कुटलेलं. जावईबापूंनी मागे खोबऱ्याच्या वाट्या मागितल्या होत्या, त्या पाठवता येत नाहीत. विमानातल्या धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय यादीत सुक्या खोबऱ्याचं नाव आहे, यूएन १३६३ या क्रमांकानं. त्यातल्या तेलामुळे ते साठ्यात आपोआप तापून पेट घेऊ शकतं. आपल्याकडे विमानतळावर प्रवाशांच्या सामानातूनही ते काढून घेतात. नारळ मात्र युरोपच्या पाच सूट असलेल्या फळांत आहे, आणि तुमच्या बाजारात मिळतोच. तो किसून वाळवा. लोणचं आईनं बरणीत न देता दुहेरी पिशवीत दिलं आहे आणि तेल कमी ठेवलं आहे. विमान उंचावर गेलं की आतला दाब कमी होतो आणि पाकिटात अडकलेली हवा फुगते. झाकणाच्या फटीतून तेल बाहेर येतं ते त्यामुळे. म्हणून प्रत्येक पुडीतली हवा दाबून काढायची, मगच तोंड चिकटवायचं. मसाल्यात हिंगाचे खडे आहेत, ते काढू नकोस.

तूप आणि पेढे का नाहीत, असं तुझ्या लेकीनं, चिऊनं, विचारलं होतं. युरोपात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला सामान्य माणसाला बंदी आहे, ना बॅगेतून ना टपालातून. जनावरांचे रोग त्यातून पसरतात, हे कारण. तिला सांग की पेढे ती इथे येईल तेव्हा.

खोक्यासोबतचा कागद मी स्वतः भरतो. टपालानं पाठवायचं असेल तर कस्टमच्या जाहीरनाम्यात प्रत्येक वस्तूचं नाव, वजन आणि किंमत वेगवेगळी लिहावी लागते. 'घरगुती खाऊ' एवढंच लिहिलं की खोकं उघडलं जाण्याची शक्यता वाढते. 'भाजलेली मसाला पूड, ५०० ग्रॅम', 'गव्हाच्या वाळवलेल्या कुरडया, १ किलो', असं इंग्रजीत स्पष्ट लिहायचं. एका घरानं दुसऱ्या घराला पाठवलेली भेट ४५ युरोपर्यंत असली तर तुम्हाला कर पडत नाही, त्यामुळे किंमत खरी लिहायची आणि खोकं त्या मर्यादेत बसवायचं. खोटी किंमत लिहून वाचवलेले पैसे मला नकोत.

ही वाटसुद्धा कायम उघडी असते असं नाही. अमेरिकेनं लहान पार्सलांची करसवलत काढून घेतली, तेव्हा २०२५ च्या २५ ऑगस्टपासून आपल्या टपाल खात्याला तिकडची पार्सलं थांबवावी लागली. सुरुवातीला शंभर डॉलरपर्यंतच्या भेटींना सूट होती, नंतर तीही गेली. सेवा पुन्हा सुरू झाली १५ ऑक्टोबरला, दिवाळी दाराशी येऊन ठेपली तेव्हा. चकल्या-शंकरपाळे करून बसलेल्या कितीतरी घरांनी तोवर दुप्पट-तिप्पट पैसे मोजून खासगी कुरियर पकडलं. तुझ्या काकूनंही तेच केलं. तिला कुणी 'कशाला एवढा खर्च' म्हटलं नाही. घरात सगळ्यांना तो खर्च कशासाठी आहे हे कळत होतं.

ज्यांना पार्सल पाठवणारंच कुणी नव्हतं, त्यांचाही विचार मी करतो. तुमच्या शेजारच्या हेगमध्ये सुरिनामी हिंदुस्थानी लोकांची वस्ती आहे, त्यांच्या दुकानात तुला कारली आणि शेवग्याच्या शेंगा मिळतात असं तू सांगतेस. त्यांचे पूर्वज १८७३ पासून कलकत्त्याहून सुरिनामला मजूर म्हणून गेले, पहिलं जहाज 'लल्ला रूख'. पुढे १९७५ च्या आगेमागे, सुरिनाम स्वतंत्र होताना, त्यांची मुलं-नातवंडं हॉलंडला आली. दोन समुद्र ओलांडून त्यांची रोटी टिकली. आपल्या मराठी माणसांत कोकणातले बेने इस्राएल बघ. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबं इस्राएलला गेली, पण एलियाहू संदेष्ट्याच्या नावानं होणारा मलिदा त्यांनी सोडला नाही. भिजवलेले पोहे, खोबरं, गूळ किंवा साखर आणि फळं. पोहे कोरडे असतात आणि कुठेही जातात, हे त्यांच्याही कामी आलं. या दोन्ही लोकांकडे पाठवणारं घर राहिलं नव्हतं, तेव्हा कृती आणि हात यांवरच सगळं चाललं. म्हणून मी तुला कुरडईची कृती एवढी लांबण लावून लिहिली. आज आम्ही पाठवतो आहोत. पुढे तुलाच करावं लागेल, आणि तिकडचं ऊन कमी पडलं तर ओव्हनच्या मंद आचेवर वाळवावं लागेल. करून बघ.

आता तुझ्या मूळ म्हणण्याकडे येतो. 'इथे सगळं मिळतं.' मिळतं, हे खरं आहे. तुमच्या दुकानातलं काळ्या मसाल्याचं पाकीटही वाईट नसेल. पण ते पाकीट कुणासाठीही असतं, जसं माझं पनेट कुणासाठीही असतं. त्याची चव हजार घरांना चालेल अशीच ठेवावी लागते, आणि ते बरोबरही आहे. मी स्वतः तोच व्यवसाय करतो. सगळ्यांचे मणी सारखे, सगळ्यांची गोडी सारखी, तरच माल विकतो. तुझ्या आईचं काम नेमकं उलटं आहे. तिच्या खोक्यात शेंगदाण्याच्या चटणीच्या तीन पुड्या आहेत. एक जावईबापूंची, लवंगी मिरचीची. एक तुझी, बेताची तिखट, कारण तुझं पित्त तिला माहीत आहे. तिसरी चिऊची, नुसत्या रंगापुरती मिरची आणि थोडा गूळ. मागच्या हिवाळ्यात चिऊला खोकला झाला, हे ऐकल्यापासून तिनं मेतकुटात सुंठ वाढवली आहे. चटणी करताना ती मला विचारते, "चिऊ आता दाणे चावून खात असेल ना? की बारीक करू?" तू फोनवर पाच मिनिटं बोलतेस, आणि त्या पाच मिनिटांतलं ती पुढचा महिनाभर पाट्या-वरवंट्यावर वापरते. तुमची सगळी खबरबात त्या पुड्यांत भरलेली आहे. खोकं बंद झालं, तर तिचा तुझ्याबद्दलचा हा रोजचा विचार कुठे जाईल? फोनवर 'काळजी घे' एवढंच उरेल. भाडं आम्ही त्या विचाराचं देतो, आणि ते मला महाग वाटत नाही.

एक विनंती मात्र आहे. पार्सल येतं म्हणून गावाकडचं सगळं मिळालं असं धरू नका. जे सगळ्यात चांगलं आहे ते प्रवास करत नाही. शिजलेला गरम चीक, वर तुपाची धार, तो पातेल्याजवळ बसूनच खायचा. हुरडा शेतातच भाजायचा. ओल्या कांद्याची पात खुडून लगेच तव्यावर टाकायची. आणि द्राक्ष: निर्यातीचा मणी प्रवासाच्या हिशेबानं काढलेला असतो, पण घरासाठी वेलीवर राखलेला घड पिवळसर होईपर्यंत पिकतो. त्याची साल इतकी पातळ असते की नाशिकपर्यंतसुद्धा तो नीट जात नाही. चिऊ अजून या चवींना ओळखत नाही. तिची शाळा, तुमच्या सुट्या, तिकिटांचे दर, सगळं मला कळतं. तरी एखाद्या वर्षी दिवाळीऐवजी फाल्गुनात या. दिवाळीचा फराळ मी पाठवू शकतो, फाल्गुन पाठवू शकत नाही.

बागेच्या बांधाकडच्या दोन ओळी यंदा विकायच्या नाहीत, असं ठरवलं आहे. त्यांचा बेदाणा करणार. घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या पाण्यात बुडवायचे, म्हणजे सालीवरचा मेणाचा थर सैल होऊन पाणी लवकर बाहेर पडतं, आणि मग सावलीत जाळीवर पसरायचे. चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. ताज्या फळाचा दाखल्याचा नियम वाळवलेल्या फळाला लागत नाही. माझ्या बागेतलं द्राक्ष तुझ्या नावानं तुझ्यापर्यंत न्यायची एवढी एकच वाट मला सापडली आहे, आणि ती मी सोडणार नाही. पुढच्या खोक्यात तो असेल.

हे खोकं पोहोचलं की आधी चटण्या फ्रीजमध्ये ठेव, शेंगदाणा लवकर खवट होतो. मसाला कपाटातच ठेव, ओला चमचा घालू नकोस. पापड-कुरडया तळायच्या आधी दहा मिनिटं ओव्हनच्या कोमट उष्णतेत ठेव, तुमच्याकडची दमट हवा त्यांना लागलेली असते.

आणि पुढच्या खोक्यात काय हवं, हे या वेळी तू सांगू नकोस. चिऊला फोनवर बसव आणि आजीला तिलाच सांगू दे. तिनं तिकडचा काही भलताच पदार्थ मागितला, तरी चालेल. तुझी आई तो शिकेल, आपल्या उन्हात वाळेल असा करेल आणि पाठवेल.

जावईबापूंना आशीर्वाद, चिऊला गोड पापा.

तुझे,
नाना